रस्त्यावरील सावधगिरी

कल्याणहून निर्मळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ आमच्या परभणी जिल्ह्यांतून जातो. उंसाच्या हंगामांत येथील रस्त्यांवर लादलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर रात्रींही चालतात. त्यांत धोका कोठें आहे, हें आपण पाहूं.

ताशीं ६० किलोमीटर वेगाचें वाहन सेकंदास सुमारें १७ मीटर जातें. अडथळा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद तरी जातोच. शिवाय वेग दुप्पट झाला, कीं ब्रेक लागल्यावर थांबण्याचें अंतर चौपट होतें. मग अंधारांतील दिव्यावांचूनची गाडी दिसणार केव्हां आणि वाहन थांबणार केव्हां ? याकरितां गाडीचे मागें लाल परावर्तक पट्टी असावी. येणाऱ्या वाहनाचाच प्रकाश तीवरून परतून चालकास दुरून सूचना देतो.

माणसाच्या हातून चूक व्हावयाचीच, परंतु तिचें प्रायश्चित्त मृत्यु असूं नये, असें धोरण स्वीडनच्या पार्लमेंटनें १९९७ सालीं स्वीकारिलें. आपल्याकडेही २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानें जखमीस सद्भावनेनें साहाय्य करणारास संरक्षण दिलें आहे. तेव्हां अपघात दिसतांच निर्भयपणें १०८ क्रमांकास कळवावें.

आम्हां विद्यार्थ्यांनीं सुटींत गांवीं गेल्यावर निदान घरच्या गाडीस तरी ही पट्टी लावावी. तीस पैसे थोडेच पडतात. गेलेला कर्ता पुरुष मात्र घरीं परतत नाहीं.