कळांच्या वेळची सोबत

"तिथं न्हाई, आणखी खाली. आन् चोळू नको, नुसता भार दे."

मिसारवाडीतल्या समाजमंदिरात एक सुईणआजी तरुण आशाताईचा हात धरून दाखवत होत्या. कळा देणारीचं सोंग घेतलेली बाई गुडघ्यांवर बसून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ओणवी झाली होती. मनगटाजवळचा तळवा माकडहाडाच्या वर टेकवायचा, कळ चढेल तसा भार वाढवायचा, ओसरली की सोडायचा. शिकवायला आलेल्या नर्सबाई एवढंच म्हणाल्या, "पुस्तकात हेच आहे."

पोट दाबण्यावरून मात्र खटका उडाला. आजी म्हणाल्या, "मंग इतक्या बाया मोकळ्या केल्या त्या कशा?" नर्सबाईंनी वाद घातला नाही. "किती जणींच्या अंगावरून लई गेलं?" असं विचारलं. आजींनी बराच वेळ पदर चाळवला. मग म्हणाल्या, "व्हत्या दोन-तीन." वरून दाब दिला तर पिशवी फाटू शकते, हे त्यानंतर सांगितलं गेलं. चीक पिळून टाकणं, नाळेला शेण लावणं हेही बंद. पाचवीची सटवाई तेवढी राहिली. तिला हात लावायचं कारणच नव्हतं.

बायांना असं शिकवणं नवं नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला आरोग्याचं काम सुरू केलं आणि पुढे त्यासाठी गावच्याच बाया निवडल्या. त्यांतल्या कितीतरी दलित, निरक्षर. त्या बाळंतपणं करायला शिकल्या. आता वस्तीतली बाळंतपणं दवाखान्यात होतात, त्यामुळे बाळ झेलणाऱ्या हातापेक्षा शेजारी थांबणारीची गरज जास्त. परदेशात तिला डूला म्हणतात. 26 चाचण्यांतल्या 15 हजारांवर बायांचा 2017 चा आढावा सांगतो, की सतत सोबत असली तर कळांचा वेळ कमी होतो, सिझेरियनही कमी होतात. केंद्र सरकारनं 2016 मध्येच सरकारी दवाखान्यांत सोबतिणीला मुभा दिली. अटी अशा, की ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी आणि तिनं उपचारांत ढवळाढवळ करू नये.

ही दुसरी अट पाळायची कशी, हा दुपारचा धडा. नर्सबाईंनी खेकसणाऱ्या सिस्टरचं सोंग घेतलं: "तेव्हा लाज नाही वाटली? आता कशाला वरडते?" सगळ्या खो-खो हसल्या. हे वाक्य बहुतेकींनी ऐकलेलं असणार. एकीनं तिथल्या तिथं भांडण काढलं. "असं केलं तर तुला बाहेर काढतील आणि ती एकटी पडेल," नर्सबाई म्हणाल्या. मग दुसरी पुढं आली. "सिस्टर, हिला घोटभर पाणी देऊ का? कुशीवर वळवू का?" मला हे नमतं घेणं आधी खटकलं. पण खाटेवर जी पडलीय तिला त्या घडीला न्याय नको असतो, पाणी हवं असतं. तक्रार नंतर करता येते, आणि ती लिहायची कशी हेही त्याच दुपारी शिकवलं.

आशाताईंना निदान केसमागे मोबदला मिळतो. सोबतिणीची मात्र धुण्याभांड्यांची घरं बुडतात. चहाच्या वेळी आजींनी हिशेबच मांडला: रात्री दोनला मोकळं झालं तर दवाखान्यातून वस्तीवर यायला रिक्षाचे पैसे कोण देणार? नर्सबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच ठेवायचा ठरलं.