पडद्यावरचे किलोमीटर

विद्युत मोटारीच्या पडद्यावर ‘उरलेले अंतर’ म्हणून दिसणारा आकडा हा एका भागाकाराचे उत्तर असते: बॅटरीत उरलेली वीज भागिले दर किलोमीटरला लागणारी वीज. यातील भाज्य आणि भाजक हे दोन्ही अंदाजच असल्याने उत्तराचे डळमळणे ओघानेच येते.

उरलेल्या विजेचा हिशेब बॅटरी व्यवस्थापन प्रणाली ठेवते. आत-बाहेर वाहणारा विद्युतप्रवाह ती सतत मोजून बेरीज-वजाबाकी करते, आणि या मोजणीत साचत जाणाऱ्या बारीक चुका ती बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, पाहून दुरुस्त करते. मात्र नेक्सॉन ईव्हीसारख्या मोटारींतील लोह-फॉस्फेट बॅटरीचा दाब मधल्या टप्प्यात जवळजवळ स्थिर राहत असल्यामुळे अधूनमधून पूर्ण चार्ज केल्याशिवाय ही दुरुस्ती नीट होत नाही.

खरी गफलत होते ती भाजकात. बहुतेक मोटारी नुकत्याच कापलेल्या अंतरातील सरासरी वापर पुढेही तसाच राहील असे गृहीत धरतात. 2020 साली आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटांची होती आणि पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेने प्रमाणित केलेला तिचा पल्ला 312 किलोमीटर होता, म्हणजे किलोमीटरला जेमतेम 0.1 युनिट; परंतु ही चाचणी प्रयोगशाळेतील रोलरवर, वातानुकूलन बंद ठेवून होते. घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ मार्गावर कोंडीत ताशी 10 किलोमीटरने सरकणाऱ्या मोटारीचे वातानुकूलन तासाला एक युनिट घेत असेल, तर एकटे तेच किलोमीटरमागे 0.1 युनिट खाते, म्हणजे चाचणीत अख्खी मोटार चालवायला लागली तेवढी वीज! कोंडीत पल्ला घटतो तो प्रामुख्याने या गारव्यापायी. चाकांना तेथे फारशी वीज लागत नाही, आणि ब्रेक लावताना मोटरच जनित्र बनून थोडी वीज परतही करते.

डोंबिवलीत फिरून झालेली सरासरी कसारा घाटात मुळीच कामाची नाही. समुद्रसपाटीजवळच्या कल्याणहून सुमारे 600 मीटर उंचीवरील इगतपुरीला पोहोचताना 1,600 किलो वजनाची भरलेली मोटार केवळ वर उचलण्यासाठी अडीच युनिटांहून थोडी अधिक वीज खर्ची पडते, जिच्यावर एरवी पंधरा-सतरा किलोमीटर सहज झाले असते. घाट चढून आलेल्या मोटारीचा पडदा म्हणूनच अवाजवी निराशा दाखवतो, आणि उतरताना तोच आकडा, मोटार धावत असूनही, वाढू लागतो. नकाशावरील चढ-उतार आधीच हिशेबात घेणारी प्रणाली काही नव्या मोटारींत असते. पण तिला मुक्कामाचे ठिकाण सांगावे लागते, आणि ते कष्ट सहसा कोणी घेत नाही.

नाशिककडे निघालेल्याने किलोमीटरांपेक्षा टक्केवारीवर भिस्त ठेवावी, आणि परतताना इगतपुरीत बॅटरी काठोकाठ भरू नये. भरलेल्या बॅटरीत उतारावर मिळणाऱ्या विजेला जागाच उरत नाही.