बॅकअप घ्यायचा, पण नेमका कशाचा?

फिल्डवर्कला निघण्याआधी बॅकअप घ्या, हे सगळेच सांगतात. कशाचा, ते फारसं कुणी सांगत नाही. लिनक्स वापरत असाल तर अख्खी डिस्क उचलायची गरज नसते. प्रत्येक फोल्डरला एकच प्रश्न विचारा: हे गेलं तर परत कुठून मिळेल?

प्रॉक आणि सिस सोडून द्या. त्यांतल्या फाइली डिस्कवर नसतातच, कर्नल त्या चालू मशीनवर दाखवत असतो. (प्रॉकमधली केकोर फाइल 64 बिट मशीनवर साधारण 128 टेराबाइटची दिसते. करा कॉपी!) डेव्ह, रन, टेम्प हेही नकोत. यूएसआरमधले प्रोग्राम पुन्हा बसवता येतात, फक्त पॅकेजची यादी काढून ठेवा. त्यातलं लोकल मात्र घ्या. स्वतः कंपाइल केलेलं बहुधा तिथेच असतं.

ताडोब्यात कॅमेरा ट्रॅपने टिपलेला फोटो मात्र पुन्हा काढता येत नाही. म्हणून होममधल्या मूळ डेटाच्या दोन प्रती हव्यात, त्याही वेगवेगळ्या जागी. त्यावरून काढलेले आलेख गेले तरी चालतील, पण ते काढणारी स्क्रिप्ट जपा. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलीही घ्या, एसएसएचच्या किल्ल्या त्यांतच असतात. ईटीसी छोटं असतं, घेऊन टाका.

गोची होते ती व्हारमध्ये. लॉग आणि कॅशे आहेत म्हणून लोक ते सगळंच वगळतात. पण तुमचे जीआयएसचे थर पोस्टग्रेसमध्ये असतील, तर तो डेटाबेस सहसा व्हारमधल्या लिबमध्येच असतो. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी केल्या तर प्रत अर्धवट निघू शकते. पीजी-डंपने काढा.

आता हाच हिशेब भामरागडला जाताना बदलतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो. नेटवर्क नसेल तर 'पुन्हा डाउनलोड करू' याला काही अर्थ राहत नाही. तेव्हा एरवी वगळायची पॅकेजं, उपग्रह चित्रं आणि बूट होणारा पेनड्राइव्हही सोबत घ्या.

एक बारीक गोष्ट: बाहेरची डिस्क एक्सफॅट असेल तर परवानग्या आणि सिमलिंक टिकत नाहीत. टार करून ठेवा, आणि निघण्याआधी त्यातलं एखादं फोल्डर दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.