मनाचा आजार आणि मालकाचे कर्तव्य

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन पाळला जातो. १९९२ साली त्याची सुरुवात झाली. आपल्या गावातही त्या दिवशी शाळकरी मुलांची फेरी निघते. मागच्या फेरीच्या आधी पेठेतील एक सधन व्यापारी माझ्या दवाखान्यात आले. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, टोप्या, फलक, मुलांचा खाऊ, सगळा खर्च माझ्याकडे. फक्त फलकावर पेढीचे नाव असू द्या.” मी त्यांचे आभार मानले. चांगल्या कामाला हातभार लावणाऱ्याला नाही कशाला म्हणायचे?

त्याच आठवड्यात दवाखाना बंद होण्याच्या सुमारास एक गृहस्थ आले. दुसऱ्याच एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम करतात. त्यांच्या संमतीने हे लिहीत आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कित्येक महिने त्यांना झोप नव्हती, भूक नव्हती, कशात मन लागत नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले होते आणि गुणही येत होता. आठ दिवस विश्रांती हवी होती. पण ते म्हणाले, “डॉक्टर, दाखल्यावर कावीळ लिहा. डोक्याचे औषध चालू आहे हे मालकांना कळले तर दिवाळीनंतर मला कामावर ठेवणार नाहीत.”

खोटा दाखला मी देऊ शकत नव्हतो. ‘उपचार चालू आहेत, आठ दिवस विश्रांती आवश्यक’ एवढेच लिहिले, आजाराचे नाव लिहिले नाही. पण ते गेल्यावर मनात आले, की फेरी दुकानासमोरून जाते, तेव्हा दुकानाच्या आत कोण बसलेले असते?

वाचकहो, हा प्रश्न केवळ आपल्या गावाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली काम करण्याच्या वयातील सुमारे १५ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता. डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात ती खिन्नता आणि चिंतारोग या दोनच आजारांमुळे जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात. पैशात हा तोटा एक लाख कोटी डॉलरच्या घरात जातो. उलट सरकारे आपल्या आरोग्य खर्चातील सरासरी जेमतेम २ टक्के रक्कम मनाच्या आजारांसाठी ठेवतात. म्हणून उद्योगधंद्यांनी या कामात उतरावे, असे आता जगभर म्हटले जाते. पण उतरायचे म्हणजे काय करायचे? काही देशांतील अनुभव पाहण्यासारखे आहेत.

कॅनडात बेल या टेलिफोन कंपनीने २०१० साली ‘लेट्स टॉक’ ही मोहीम जाहीर केली. ठरलेल्या दिवशी होणाऱ्या फोन आणि संदेशांमागे ५ सेंट मानसिक आरोग्याच्या कामाला द्यायचे, अशी ती योजना होती. २०२३ पासून त्याऐवजी ठोक देणगी देणे सुरू झाले. क्लारा ह्यूज या ऑलिंपिक पदकविजेत्या महिला खेळाडूने आपल्या खिन्नतेच्या आजाराविषयी या मोहिमेतून उघडपणे सांगितले. घराघरांत हा विषय निघाला आणि मोठा निधीही जमला. मात्र २०१७ साली याच कंपनीच्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी विक्रीचे आकडे गाठण्याच्या ताणाविषयी वृत्तमाध्यमांकडे तक्रारी मांडल्या. त्यातले खरेखोटे ठरवणे आपले काम नाही. पण बाहेर बोला म्हणणाऱ्याला आत काय चालले आहे असे लोक विचारणारच, हा धडा मात्र प्रत्येक मालकाने घ्यावा.

इंग्लंडमध्ये २००७ ते २०२१ या काळात ‘टाइम टू चेंज’ नावाची मोहीम चालली. माइंड आणि रीथिंक मेंटल इलनेस या दोन संस्था ती चालवत. मनाच्या आजाराविषयीची लाज आणि भेदभाव दूर करणे हा तिचा हेतू. १,५०० हून अधिक मालकांनी तिच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. नुसती सही चालत नसे. आपल्या कामाच्या ठिकाणी नेमके काय बदलणार, हे लेखी द्यावे लागे.

जपानने कायदाच केला. डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी वर्षातून एकदा ताणाची तपासणी करणे मालकावर बंधनकारक झाले. कामगार प्रश्नावली भरतो. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की निकाल थेट कामगाराच्या हाती जातो. त्याच्या संमतीशिवाय तो मालकाला दाखवता येत नाही. खर्च मालकाचा, पण गुपित कामगाराचे!

इटलीतील त्रिएस्ते शहराची गोष्ट आणखी वेगळी. तेथील मनोरुग्णालयात रुग्णांकडून साफसफाईची कामे उपचाराच्या नावाखाली करून घेतली जात. फ्रँको बासाल्या हे डॉक्टर तेथे प्रमुख होते. त्यांच्या काळात, १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, रुग्णांची सहकारी संस्था निघाली आणि त्याच कामाला रीतसर मजुरी मिळू लागली. पुढे १९९१ साली इटलीने अशा संस्थांसाठी कायदा केला. ज्या संस्थेत किमान ३० टक्के कामगार मनोरुग्ण, अपंग किंवा अन्य वंचित असतील, तिला अशा कामगारांच्या विमा-वर्गणीत सवलत मिळाली. सहकार आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. हाताला काम आणि कामाला दाम मिळाले, की माणसाला समाजात पुन्हा जागा मिळते.

आता थोडे माझ्याविषयी. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान असे होऊ नये म्हणून हे सांगणे भाग आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक कंपाउंडर होते. बारा वर्षांची नोकरी, कधी बोट ठेवायला जागा नाही. एकाएकी ते उशिरा येऊ लागले, गोळ्या मोजताना चुकू लागले, रुग्णांवर डाफरू लागले. मी दोनदा दटावले आणि तिसऱ्यांदा हिशेब चुकता करून घरी पाठवले. महिन्याने त्यांच्या पत्नी आल्या. “रात्र रात्र जागे असतात हो डॉक्टर. जेवत नाहीत. एकटेच रडतात.”

मी खजील झालो. हीच लक्षणे एखाद्या रुग्णाने सांगितली असती तर पाच मिनिटांत निदान केले असते. समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसात जे मला दिसले असते, ते शेजारी उभ्या असलेल्या माणसात दिसले नाही, कारण तो माझा पगारी नोकर होता. उपचारांनी ते बरे झाले. मी परत बोलावले, पण आले नाहीत. “साहेब, आता त्या खिडकीत उभे राहायला संकोच वाटतो,” एवढेच म्हणाले.

म्हणून दुकानदार, कारखानदार, शाळाचालक आणि माझ्यासारख्या डॉक्टरांनाही काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१. चोख काम करणारा माणूस अचानक चुकू लागला, तर दटावण्याआधी एकांतात विचारपूस करावी. “झोप लागते का?” एवढ्या साध्या प्रश्नानेही पुष्कळ कळते.

२. ‘येडा’, ‘डोक्यावर परिणाम झाला’ असे शब्द दुकानात थट्टेनेही वापरू नयेत. ऐकणारा गप्प बसतो आणि आजार लपवतो.

३. तापाला रजा, तशी मनाच्या आजारालाही रजा द्यावी. आजाराच्या नावाची सक्ती करू नये. कळलेच तर ते आपल्यापाशीच ठेवावे.

४. बरे होऊन परतणाऱ्याला पहिले काही दिवस हलके काम आणि कमी तास द्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही कामावर परतणाऱ्याला आधार देण्यावर आणि व्यवस्थापकांना प्रशिक्षण देण्यावर भर आहे.

५. कामगारांचा आरोग्य विमा काढत असाल तर पॉलिसी नीट वाचून घ्यावी. आपल्या देशात २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही विमा देणे त्याने कंपन्यांवर बंधनकारक केले आहे.

६. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक कामगार डबे खातात तिथे लावावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. कोणी जीव देण्याची भाषा केली तर थट्टा समजू नये. त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना कळवावे आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

देणगी द्यायची असेल तर तीही जरूर द्यावी. मुंबईचे उद्योगपती हर्ष मारीवाला यांच्या पुढाकाराने सुरू झालेली मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था या क्षेत्रातील कामांना अर्थसाहाय्य देते. आपल्या पेठेत तेवढी ऐपत नसेल. पण रुग्णाला महिन्यातून एकदा जिल्हा रुग्णालयात जाण्यासाठी एस. टी. चे भाडे आणि एक दिवसाची भरपगारी रजा देणे कोणत्याही दुकानाला परवडते.

ते व्यापारी यंदाही येतील. फलक, टोप्या, खाऊ, सगळे मी आनंदाने घेईन. मात्र या वेळी त्यांना एक विनंती करणार आहे. फेरी दुकानासमोर येईल तेव्हा गल्ल्यावरून उठून आपल्या माणसांसमोर उभे राहा आणि एवढेच सांगा, “कोणाला मनाचा त्रास असेल तर उपचार घ्या. त्यासाठी या दुकानातून कोणाची नोकरी जाणार नाही.” या वाक्याला खर्च काही नाही. पण ते पाळले, तर हिशेब लिहिणाऱ्या त्या गृहस्थांसारख्या कोणालाही माझ्याकडे काविळीचा दाखला मागावा लागणार नाही.