कन्सोलची कटकट आणि पडद्यावरचे रक्त

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून फक्त गेम खेळण्यासाठी बनवलेला संगणक. त्याची सगळी शान एका गोष्टीत होती: खेळणाऱ्याला यंत्राकडे लक्षच द्यावे लागत नसे. निन्टेन्डो आणि सेगाच्या जुन्या यंत्रांत कार्ट्रिज खोचायचे, बटण दाबायचे, की खेळ सुरू. भारतात त्या कार्ट्रिजला सर्रास ‘कॅसेट’ म्हणत. इथल्या बहुतेक घरांत मूळ यंत्राऐवजी त्याची स्वस्त नक्कल असे, पण कॅसेट एकदा घेतली की ती घेणाऱ्याची. मित्राला द्या, बदलून घ्या, विका, कोणी विचारत नसे.

हे चित्र २००५-०६ च्या सुमारास पालटले. एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ यांच्याबरोबर इंटरनेट आणि हार्ड डिस्क दिवाणखान्यातल्या खेळात स्थिरावली. विकलेला गेम नंतरही दुरुस्त करता येऊ लागला. सोय चांगलीच होती, पण तिची सवय वाईट लागली. अर्धाकच्चा गेम बाजारात आणायचा आणि ‘पॅच’ पाठवून सावरायचा, हा शिरस्ता पडला. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० रोजी आला, तेव्हा जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत होता की सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. तो परतला जून २०२१ मध्ये. डिस्क विकत आणली तरी पहिली संध्याकाळ डाउनलोड पाहण्यातच जाते. २०२० च्या मूळ प्लेस्टेशन ५ मध्ये ८२५ जीबी जागा होती, त्यातली प्रत्यक्ष वापराला मिळे साधारण ६६७. एकेक गेम १०० जीबीच्या घरात गेल्यावर नव्यासाठी जुना पुसणे आलेच.

खरी नाराजी मात्र मालकीवरून आहे. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला. त्याने दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावावी आणि वापरलेल्या डिस्कच्या फेरविक्रीवर बंधने असावीत, अशी योजना होती. एवढा गदारोळ झाला की जूनमध्येच कंपनीने माघार घेतली. गंमत अशी की तेव्हा भांडून अडवलेली गोष्ट पुढे मागच्या दाराने आलीच. २०२० मध्ये डिस्कची खाचच नसलेले कन्सोल बाजारात आले आणि लोकांनी ते हौसेने घेतले. डिजिटल खरेदीत हाती येतो तो फक्त परवाना. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, त्याबरोबर तो एकट्याने खेळणेही बंद झाले, कारण गेमला कायम सर्व्हरशी जोडलेले राहावे लागे. कॅलिफोर्नियात २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने दुकानांना हे परवान्याचे सत्य ग्राहकाला स्पष्ट सांगणे भाग पाडले आहे. दराचेही गणित उलटे फिरले. प्लेस्टेशन २ वय वाढेल तसा २९९ डॉलरांवरून ९९ डॉलरांवर उतरला होता. प्लेस्टेशन ५ चा दर मात्र युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२५ मध्ये वाढवण्यात आला.

हिंसेचा वाद याहून जुना. १९९३ च्या सप्टेंबरात ‘मॉर्टल कॉम्बॅट’ घरगुती कन्सोलवर आला. निन्टेन्डोने रक्ताच्या जागी करडा घाम दाखवला. सेगाच्या यंत्रावर एक सांकेतिक क्रम दाबला की रक्त दिसे, आणि सेगाची आवृत्ती जास्त खपली. डिसेंबरात सिनेटर जोसेफ लीबरमन आणि हर्ब कोल यांनी अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी घेतली. सरकारी बडगा टाळण्यासाठी उद्योगाने १९९४ मध्ये वयोगटानुसार शिक्का देणारे ईएसआरबी मंडळ स्वतःच उभारले. त्याच वर्षी ‘मॉर्टल कॉम्बॅट २’ निन्टेन्डोच्या यंत्रावरही रक्तासकट आला. शिक्क्याने हिंसा घटली नाही, तिला रीतसर कप्पा मिळाला. पुढे हिंसक गेम अल्पवयीनांना विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची २०२० मधली भूमिकाही मोजूनमापून आहे: ओरडणे, ढकलणे अशा आक्रमकतेशी अशा गेमचा थोडा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराशी जोडण्याइतका पुरावा नाही.

मुरलेल्या गेमरची हिंसेबद्दलची तक्रार मात्र वेगळी, आणि अधिक विचार करण्याजोगी आहे. त्याला हिंसेची भीती नाही, कंटाळा आला आहे. गोळी झाडणे संगणकाला सोपे पडते. नेम धरला, गोळी लागली, हिशेब संपला. दोन माणसांतला संशय किंवा वाटाघाट खेळाच्या नियमांत बसवणे कितीतरी अवघड. त्यात मोठ्या गेमचा खर्च १० कोटी डॉलरांपुढे सहज जातो, मग खपलेला साचा मोडायला कोणी धजत नाही. ‘अनचार्टेड’ मालिकेचा नायक हसतमुख, मिश्किल खजिनाशोधक. खेळाडूच्या हातून तो शेकडो माणसे मारतो आणि पुढच्या प्रसंगात विनोद करतो. कथा आणि खेळ यांतल्या या विसंगतीला समीक्षकांत रूढ असलेले नावच ‘अनचार्टेड ४’ च्या कर्त्यांनी १,००० शत्रू मारल्याबद्दलच्या बक्षिसाला देऊन टाकले. थट्टा झाली, उत्तर नव्हे.

साचा मोडणारेही आहेत. ‘अंडरटेल’ (२०१५) कोणालाही न मारता पूर्ण करता येतो. त्याआधी २०१२ मध्ये बर्लिनच्या यागर स्टुडिओने ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ केला. वाळूखाली गाडल्या गेलेल्या दुबईत तो नेहमीच्या युद्धखेळासारखा सुरू होतो, आणि व्हाइट फॉस्फरस टाकल्यावर आपण नागरिक जाळले हे खेळाडूला चालत जाऊन पाहावे लागते. बंदुकीच्या खेळाला बंदुकीच्याच खेळाने विचारलेला इतका थेट जाब विरळा. जानेवारी २०२४ मध्ये परवान्यांची मुदत संपल्यामुळे हा गेम ऑनलाइन दुकानांतून काढला गेला. आधी घेतलेल्यांना तो खेळता येतो. बाकीच्यांना आता जुनी डिस्क शोधावी लागते.