वास्कोच्या पुढचं स्टेशन: मुरगाव हार्बरची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

आज आपण गोव्याला जाणार आहोत, पण बीचवर नाही. रेल्वेच्या रुळांवरून.

तुम्ही ट्रेननं गोव्याला गेला असाल तर बहुतेक थिवी, करमळी नाहीतर मडगावला उतरला असाल. काही जण वास्को-द-गामापर्यंत गेले असतील. निजामुद्दीनची गोवा एक्स्प्रेस तिथूनच सुटते. वास्कोला गाडी थांबते, सगळे उतरतात, हमाल, रिक्षा, गडबड. आपल्याला वाटतं, संपली लाइन.

पण रूळ तिथे संपत नाहीत. ते आणखी थोडे पुढे, थेट बंदरात जातात. तिथे आहे मुरगाव हार्बर. प्रवासी गाडी तिथे जात नाही, जाते ती मालगाडी. आणि गंमत बघा, ही सगळी लाइन मुळात बांधली गेली ती याच टोकासाठी. वास्को शहर मोठं झालं तेच मुळी बंदर आणि रेल्वेमुळे. आज शहराला स्टेशन आहे, आणि ज्याच्यासाठी रूळ टाकले ते टोक फक्त मालाचं राहिलंय.

हे असं कसं झालं? आणि आता या टोकावरून गोव्यात एवढा वाद का चाललाय? आज तेच समजून घेऊ.

पोर्तुगीजांच्या गोव्यात इंग्रजांची रेल्वे

काळ आहे १८७० च्या आसपासचा. गोवा पोर्तुगीजांचा, आजूबाजूचा मुलूख इंग्रजांचा. घाटावर धारवाड, हुबळी, बळ्ळारी हा कापसाचा पट्टा. अमेरिकेत यादवी युद्ध झालं तेव्हा तिकडचा कापूस बंद पडला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मग प्रश्न पडला, हा कापूस बोटीवर चढवायचा कुठे?

एक उत्तर होतं कारवार. तिथून हुबळीपर्यंत रेल्वे टाकायची चर्चा तेव्हापासून आहे. ती लाइन अजूनही झालेली नाही! दुसरं उत्तर होतं मुरगाव. झुआरी नदीच्या मुखाशी, डोंगराच्या आडोशाला, खोल पाण्याचं नैसर्गिक बंदर. अडचण एकच, ते दुसऱ्या देशाच्या ताब्यात होतं.

म्हणून २६ डिसेंबर १८७८ ला इंग्लंड आणि पोर्तुगालमध्ये एक करार झाला. बंदर आणि रेल्वे बांधायची, आणि दोन्ही मुलखांमधली जकात एकत्र करायची. रेल्वे बांधायला लंडनमध्ये कंपनी निघाली, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. त्यातला 'गॅरंटीड' शब्द महत्त्वाचा आहे. म्हणजे गुंतवणूकदारांना ठरावीक परतावा मिळणारच. रेल्वेनं कमावलं नाही तर उरलेले पैसे पोर्तुगीज सरकारनं भरायचे. फायदा झाला तर कंपनीचा, तोटा झाला तर तिजोरीचा.

आता या कराराची दुसरी बाजू, जी शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. जकात एकत्र करायची म्हणून गोव्यातलं मीठ आणि दारू यांचा कारभार इंग्रजांच्या नियमांखाली गेला. त्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळत. पण गोव्यात मिठागरं चालवणाऱ्यांनी आणि माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांनी काय करायचं? किती मीठ पिकवायचं, कुठे विकायचं, सगळ्यावर बंधनं आली. पिढ्यानपिढ्यांचा धंदा मोडला. हा करार १८९२ मध्ये संपला. तोवर बऱ्याच लोकांनी गाव सोडलं होतं.

घाट चढणारी गाडी

रेल्वे मात्र झाली. मीटर गेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. १८८७ मध्ये मुरगावहून सावर्ड्यापर्यंत गाडी धावली, आणि १८८८ मध्ये घाट चढून थेट इंग्रजांच्या हद्दीपर्यंत. समुद्रापासून हद्दीपर्यंतचं अंतर सुमारे ८० किलोमीटर. पलीकडे कॅसलरॉक, मग लोंढा, आणि तिथून सदर्न मराठा रेल्वेची लाइन.

यातला अवघड भाग म्हणजे कुळे ते कॅसलरॉक. इथे चढ आहे १:३७. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की गाडी १ मीटर वर चढलेली असते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण रेल्वेसाठी हा भयंकर चढ आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर, पकड कमी. म्हणून इथे गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात. त्यांना बँकर म्हणतात. आणि उतरताना तर त्याहून काळजी, कारण मग सगळा भार ब्रेकवर.

तुम्ही 'चेन्नई एक्स्प्रेस' मध्ये गाडी धबधब्यासमोर थांबलेली पाहिली असेल. तो दूधसागर, आणि ती हीच लाइन. पावसाळ्यात रील बनवायला जातो तो पूल कापसाच्या गाठी बोटीवर पोचवण्यासाठी काढलेल्या वाटेवर उभा आहे.

कापूस कमी, माणसं जास्त

पण ठरवल्यासारखं झालं नाही. काही वर्षांतच घाटावरची लाइन पुण्यापर्यंत जोडली गेली, आणि माल मुंबईकडे वळवणं सोपं झालं. मुंबईत बाजार होता, दलाल होते, बोटी होत्या. मुरगावला नुसतं छान बंदर होतं. मालाअभावी रेल्वे तोट्यात गेली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती चालवायचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं.

मग या गाडीतून गेलं कोण? माणसं. मिठागरं मोडलेली, शेती पुरेना, अशा घरांतली पोरं याच गाडीनं घाट चढून लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे करत मुंबईला आली. कुणी आचारी झालं, कुणी बँडवाला, कुणी बोटीवर तारवटी. मुंबईत धोबी तलाव, माझगाव भागात गावोगावचे 'कूड' उभे राहिले. गावातला माणूस शहरात आला की आधी तिथे पाठ टेकायची. म्हणजे ज्या करारानं लोकांचा धंदा गेला, त्याच करारातून आलेल्या रेल्वेनं त्यांना मुंबईला नेलं.

बंदरातली दोन नाट्यं

दोन प्रसंग पटकन सांगतो, नाहीतर एपिसोड लांबेल.

पहिला, ९ मार्च १९४३. दुसरं महायुद्ध चालू. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून जर्मनीची काही मालवाहू जहाजं आणि इटलीचं एक जहाज मुरगावला आसरा घेऊन थांबलेली. त्यातल्या 'एहरेनफेल्स' वरून रेडिओनं पाणबुड्यांना बातम्या जातात, असा इंग्रजांना संशय. रात्री कलकत्ता लाइट हॉर्सच्या हौशी, वयस्कर मंडळींनी छापा घातला. एहरेनफेल्स बुडालं, आणि बाकीची जहाजंही त्यांच्याच खलाशांनी बुडवली. यावर पुढे 'द सी वुल्व्ज' हा सिनेमा निघाला.

दुसरा प्रसंग आपल्या जास्त जवळचा. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवा मुक्तीसाठी सत्याग्रही हद्द ओलांडून आत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. त्यानंतर भारतानं हद्द बंद केली. रेल्वेही तुटली. सहा वर्षं या घाटातून हद्दीपार गाडी नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा कुठे ही लाइन पुन्हा देशाशी जोडायचं काम सुरू झालं.

स्टेशन मागे कसं पडलं?

मुक्तीनंतर मुरगाव देशातल्या मोठ्या बंदरांपैकी एक झालं. कशावर? लोहखनिजावर. गोव्यातलं बरंचसं खनिज रेल्वेनं नाही, तर मांडवी आणि झुआरी नद्यांतून बार्जनं बंदरात यायचं. रेल्वेनं यायचा तो मुख्यतः घाटावरचा माल.

१९९० च्या दशकात दोन गोष्टी झाल्या. एक, मीटर गेजची लाइन ब्रॉड गेज झाली. दोन, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मडगाव गोव्याचं मुख्य स्टेशन बनलं. मुंबईहून येणाऱ्याला आता लोंढ्याचा फेरा मारायची गरज उरली नाही. जुन्या लाइनवरच्या प्रवासी गाड्या वास्कोला थांबू लागल्या. हार्बर उरलं मालगाड्यांपुरतं.

मग खनिजाला धक्का बसला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातलं खाणकाम थांबवलं, आणि २०१८ मध्ये ८८ खाणींच्या लीजचं नूतनीकरण रद्द ठरवलं. बंदराला दुसरा माल हवा होता. तो होता कोळसा.

आता गाडी भरून वर जाते

इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्या, सगळा वाद तिच्यात आहे. ही लाइन बांधली तेव्हा कल्पना अशी होती की भरलेली गाडी घाट उतरणार आणि रिकामी चढणार. आता उलटं आहे. परदेशातून बोटीनं आलेला कोळसा मुरगावला उतरतो आणि बळ्ळारी भागातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. म्हणजे भरलेली गाडी १:३७ चा घाट चढते. वेळ लागतो, जादा इंजिनं लागतात, आणि एकच रूळ असल्यामुळे समोरून येणारी गाडी तोवर थांबून राहते.

म्हणून आला दुपदरीकरणाचा प्रकल्प, होस्पेटपासून वास्कोपर्यंत दुसरा रूळ. रेल्वेची बाजू अशी: क्षमता वाढेल, प्रवासी गाड्यांचा खोळंबा कमी होईल, नव्या गाड्या सोडता येतील. हे म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चुकीचं नाही. एकेरी मार्गावर क्रॉसिंगला वीस-पंचवीस मिनिटं ताटकळलेल्या कुणालाही विचारा.

विरोधकांची बाजू अशी: हा रूळ माणसांसाठी नाही, कोळशासाठी आहे. वास्कोतले लोक वर्षानुवर्षं सांगतायत की घरात काळी धूळ येते, गच्चीत कपडे वाळत घालता येत नाहीत. वेळसांव, आरोशी, कासावली या गावांत रूळ जुन्या घरांना अगदी लागून जातात. तिथे दुसरा रूळ म्हणजे उंबऱ्याशी मालगाडी. आणि वर घाटात भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर गावात हजारो लोक रात्रभर रुळांवर बसले. त्यात तुमच्या वयाची मुलं खूप होती, कुणी गाणी म्हणत होतं, कुणी चित्रं काढत होतं.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घाटातल्या टप्प्याला वन्यजीव मंडळानं दिलेली मंजुरी रद्द केली. पण दार कायमचं बंद केलं नाही. नीट अभ्यास करून नवा प्रस्ताव आणता येईल, असं सांगितलं. म्हणजे खाली सपाटीवर काही भागात दुसरा रूळ पडलाय, आणि वर घाटात एकच आहे. दोन्ही बाजूंना रुंद आणि मधे गळा आवळलेला, असा हा रस्ता आहे.

मग हार्बरचं काय होणार?

मला तीन शक्यता दिसतात.

पहिली, घाटात दुसरा रूळ पडला तर हार्बर आणखी मोठं कोळशाचं यार्ड होईल.

दुसरी, कोळसा कमी होऊन कंटेनर, खत, पोलाद असा दुसरा माल वाढेल. बंदर चालेल, कामगारांचे रोजगार टिकतील. हे विसरू नका, बंदर बंद करा म्हणणं सोपं आहे, पण त्यावर पोट असलेली घरंही वास्कोतच आहेत.

तिसरी, सगळ्यांना आवडणारी: प्रवासी गाडी परत हार्बरपर्यंत न्यायची. बंदरात क्रूझ येतात, त्यांच्यासाठी टर्मिनलचं काम हाती घेतलंय. क्रूझवरून उतरा, गाडीत बसा, दूधसागर बघा. ऐकायला मस्त. पण जरा जपून. कोचीलाही असंच हार्बर टर्मिनस आहे, विलिंग्डन बेटावर. तिथे २०१८ मध्ये छोटी डेमू गाडी सुरू करून पाहिली. प्रवासीच मिळाले नाहीत, आणि ती बंद पडली. आपल्या मुंबईत बॅलार्ड पियरला बोटीतून उतरून थेट पंजाब, पेशावरच्या गाडीत बसता यायचं. तेही स्टेशन १९४४ मध्ये बंद झालं आणि आज त्याची खूण शोधावी लागते. बंदरातलं स्टेशन माणसांनी भरायला बोटीतून रोज माणसं उतरावी लागतात. नुसत्या आठवणींवर गाडी चालत नाही.

माझं मत विचाराल तर, या लाइनच्या बाबतीत दीडशे वर्षांत एक गोष्ट बदललेली नाही. काय न्यायचं हे लांब कुठेतरी ठरतं, आणि किंमत रुळाकाठचा माणूस मोजतो. तेव्हा मिठागरवाला, आज वेळसांवचा घरमालक. फरक एवढाच की तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि आता लोक विचारायला लावतात. घाटात दुसरा रूळ हवाच असेल, तर किती प्रवासी गाड्या वाढणार आणि किती कोळशाच्या, हा आकडा आधी लेखी सांगा. एवढी मागणी तर रास्त आहे ना?

पुढच्या वेळी वास्कोला उतरलात तर बाहेर पडायची घाई करू नका. प्लॅटफॉर्मच्या बंदराकडच्या टोकाला जाऊन बघा, रूळ कुठे जातात ते. आणि तुमच्या घरात कुणी त्या जुन्या मीटर गेजच्या गाडीनं लोंढ्यावरून गोव्याला गेलं असेल, आजी, काका, कुणीही, तर त्यांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या आठवणी पुढच्या भागात ऐकवू.

तोपर्यंत, ऐकत राहा. भेटूच!