परक्या रानांतील काळवीट

नाशिक जिल्ह्यांतील येवलें हें गांव पैठणीसाठीं सर्वत्र प्रसिद्ध आहे. परंतु तालुक्याच्या ईशान्य भागांत, राजापूर व ममदापूर या गांवांच्या बाजूस गेलें, म्हणजे हातमागांचा आवाज मागें राहतो आणि उघडें माळरान लागतें. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड, झाडी विरळ. या रानांत काळविटांचे कळप राहतात. त्यांच्या रक्षणासाठीं ममदापूर येथें २०१४ सालीं सुमारें ५४ चौरस किलोमीटरांचें संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालें. मात्र हरणास हद्दीचे दगड वाचतां येत नाहींत. तें राखीव रानांतून निघून शेजारच्या मक्यांत किंवा हरभऱ्यांत शिरतें, आणि तेथें जमीन सरकारची नसून शेतकऱ्याची असते. म्हणून परक्याच्या मालकीच्या, अनोळखी रानांत हरणाच्या मागावर कसें जावें, हा प्रश्न येथें केवळ शिकारीच्या गोष्टींतला नाहीं.

प्रथम हें जनावर ओळखावयास हवें. मराठींत हरीण हा शब्द सैल अर्थानें वापरला जातो. चितळ व सांबर यांच्या नरांचीं शिंगें गळतात व पुन्हा नवीं येतात. काळविटाचीं शिंगें जन्मभर टिकतात. तीं पिळदार असून बहुधा नरासच असतात. वयाबरोबर नराचा रंग काळसर होत जातो. मादी व पाडसें पिवळसर तांबूस राहतात. दाट जंगलांतील जनावर कानावर व नाकावर अधिक विसंबतें, तर काळविटाचा मुख्य भरंवसा डोळ्यांवर असतो. संकटाची चाहूल लागतांच कळपांतील एखादी मादी उंच उडी घेते आणि पाहतां पाहतां सारा कळप धावूं लागतो. हा वेग तासीं ८० किलोमीटरांपर्यंत जातो. अशा प्राण्याच्या जवळ घाईनें कोणासही जातां येत नाहीं.

ज्या काळीं शिकारीस परवानगी होती, त्या काळचा जाणता शिकारी अनोळखी रानांत शिरण्यापूर्वीं चार गोष्टींचा विचार करी. पहिली गोष्ट जमिनीची. तो आधीं गांवच्या पाटलास व शेताच्या धन्यास भेटे. कोणता बांध कोणाचा, कोठें नुकतीच पेरणी झाली आहे, विहीर कोठें आहे, गुराखी कोणत्या प्रहरीं कोणत्या बाजूस असतात, ही माहिती नकाशावर सांपडत नाहीं. ती धन्याच्या तोंडूनच मिळते. म्हणून परवानगी मागणें हा नुसता शिष्टाचार नव्हता. शोधाचा आरंभच तेथून होई.

दुसरी गोष्ट खुणांची. पाणवठ्याकाठच्या ओल्या मातींतील खुरांचे ठसे, चरलेल्या पिकाचे शेंडे आणि लेंड्यांचे ढीग तो पाही. नर काळवीट एकाच जागीं वारंवार लेंड्या टाकून आपल्या हद्दीची खूण करतो. ताजा ढीग दिसला, म्हणजे नर फार दूर नाहीं असें समजावें. तिसरी गोष्ट वाऱ्याची. चिमूटभर माती बोटांतून सोडली, कीं वारा कोणत्या दिशेस वाहतो तें कळतें. नंतर वारा तोंडावर घेऊन चालावयाचें. शिवाय उघड्या माळावर आडोसा नसल्यामुळें शिकारी बैलगाडीच्या आडून चालत. शेतांतील गाडी रोज पाहून हरणांची भीड चेपलेली असे, आणि पायीं येणाऱ्या एकट्या माणसास पाहून बुजणारा कळप गाडीस फारसा भीत नसे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हरणाच्या पलीकडे काय आहे? सपाट माळावर रायफलीची चुकलेली गोळी मैलाहूनही दूर जाऊं शकते, आणि तेथें एखादी वस्ती असेल, बाजरी खुडणाऱ्या बायका असतील किंवा मेंढरांमागचें पोर असेल. मागें टेकडी किंवा उंच बांध असल्याखेरीज बंदुकीचा चाप ओढूं नये, हा जाणत्यांचा दंडक होता. तो न पाळणाऱ्यास गांव पुन्हा थारा देत नसे.

कायदाही हळूहळू कडक होत गेला. १९१२ च्या कायद्यानें प्रांतिक सरकारांस हरणादि प्राण्यांसाठीं शिकारबंदीचा काळ ठरविण्याचा अधिकार मिळाला. मुंबई राज्यानें १९५१ सालीं वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणासाठीं स्वतंत्र कायदा करून शिकारीस परवान्याचें बंधन घातलें. पुढें १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. त्यास मारणें, पकडणें, फांस लावणें, इतकेंच नव्हे तर तसा प्रयत्न करणें यासही कायदा शिकारच म्हणतो. या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. शेताच्या धन्यानें ‘या, मारा’ असें म्हटलें, तरी त्या संमतीनें शिकार कायदेशीर ठरत नाहीं. कारण जमीन त्याची असली, तरी हरीण त्याचें नाहीं.

मग जुन्या शिकाऱ्याची विद्या व्यर्थ गेली काय? मुळींच नाहीं. दुर्बीण घेऊन हरणें पाहणारा, पाणवठ्यावर त्यांची गणती करणारा आणि वनरक्षक या सर्वांस तीच विद्या लागते. धन्याची परवानगी, खुणांचा शोध, वाऱ्याची दिशा या तिन्ही गोष्टी जशाच्या तशा उपयोगी पडतात. ‘पलीकडे काय आहे’ हा चौथा प्रश्नही सुटत नाहीं. मोटार घेऊन कळपामागें लागलें, तर भेदरलेलीं हरणें कठडा नसलेल्या विहिरींत किंवा वाहत्या रस्त्यावर जातात. गवतांत एकटें दिसणारें पाडस बहुधा पोरकें नसतें. आईनेंच तें तेथें दडवून ठेविलेलें असतें. दयेपोटीं त्यास उचलून आणणारा माणूस त्याचा घातच करतो. जनावर खरोखर जखमी असेल किंवा विहिरींत पडलें असेल, तर वनविभागास १९२६ या क्रमांकावर कळवावें.

आतां शेतकऱ्याची बाजू. पाहुणा हरीण पाहून आनंदानें घरीं जातो; रात्रभर शेत राखणारा मात्र दुसऱ्या दिवशीं खुडलेलें पीक पाहतो. कोरडवाहू शेतांत एका पिकावर वर्षाचें गणित अवलंबून असतें, तेथें उगवतीचा कोंब गेला, कीं बी, मजुरी आणि हंगाम सर्वच जातें. वन्य प्राण्यांनीं केलेल्या नुकसानीबद्दल महाराष्ट्र शासन भरपाई देतें. त्यासाठीं नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आंत वनविभागाकडे तक्रार करावी लागते आणि नंतर पंचनामा होतो. पीक मोडल्याच्या दिवशींच तक्रार करणें हिताचें. उशीर झाला, कीं खुरांचे ठसे पुसतात आणि त्यांच्याबरोबर पुरावाही जातो.

तेव्हां येवल्याच्या माळावर जाऊं इच्छिणारानें ‘हरीण कोठें दिसेल?’ हें विचारण्यापूर्वीं ‘हें शेत कोणाचें?’ हें विचारावें. बांधावरूनच चालावें, उभ्या पिकांत पाय घालूं नये, कुत्रें बरोबर नेऊं नये, आणि निघतांना धन्यास भेटून काय पाहिलें तें सांगावें. विहिरीस कठडा नाहीं असें दिसलें, तर तेंही सांगावें. काळविटास कायद्यानें अभय दिलें आहे खरें. पण रोज पहाटे तें ज्याच्या शेतांत चरतें, त्या शेतकऱ्याच्या सहनशीलतेवांचून तें अभय कागदावरच राहील.